कावेरीच्या वेळापत्रकाने : स्वामीमलैला केव्हा जावे?

बदलीचा आदेश हाती पडला की बँकेतील माणूस प्रथम नकाशा उघडतो. २०२३ च्या जून महिन्यात माझ्या हाती पडलेल्या आदेशावर ‘कुंभकोणम’ हे नाव होते. गावाविषयी माझी माहिती एका म्हणीपुरती आणि कॉफीच्या एका प्रकारापुरती मर्यादित होती. मात्र रुजू होऊन महिना लोटतो न लोटतो तोच नातेवाईक, जुने सहकारी आणि पूर्वीच्या शाखेतील ग्राहक यांचे दूरध्वनी सुरू झाले. ‘तुम्ही तिकडे आहात तोवर एकदा स्वामीमलै पाहून घेऊ म्हणतो. केव्हा यावे?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या बोलण्यात असे. मी सर्वांना एकच ठरावीक उत्तर देत असे : ‘मे महिन्यात या. मुलांना सुट्टी असते, आपल्यालाही रजा मिळते.’

ते उत्तर चुकीचे होते. ते चुकीचे का होते, आणि बरोबर उत्तर कोणते, हे समजायला मला पूर्ण एक वर्ष त्या गावात काढावे लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती होय.

गाव आणि त्याची ओळख

कुंभकोणमच्या पश्चिमेस अवघ्या सहा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी स्वामीमलै वसले आहे. तमिळ लोकांचे आराध्य दैवत मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय. त्याची तमिळनाडूत सहा प्रमुख क्षेत्रे मानली जातात. पळनी, तिरुच्चेंदूर, तिरुप्परंकुंद्रम, तिरुत्तणी, पळमुदिरचोलै आणि स्वामीमलै ही ती सहा स्थाने. स्वामीमलैची कथा मोठी हृद्य आहे. प्रणवाचा अर्थ बालकार्तिकेयाने येथे साक्षात आपल्या पित्याला, शंकराला सांगितला, असे मानतात. पुत्र गुरू झाला आणि पिता शिष्य झाला, म्हणून येथील देवाचे नाव स्वामीनाथ. ‘मलै’ म्हणजे डोंगर. परंतु कावेरीच्या सपाट खोऱ्यात डोंगर कोठून येणार? तेव्हा माणसांनीच दगडमातीचा उंचवटा रचून त्यावर मंदिर बांधले आहे. वर जाण्यासाठी साठ पायऱ्या आहेत आणि त्या साठ पायऱ्यांना प्रभव, विभव अशी साठ संवत्सरांची नावे दिली आहेत. आपल्या पंचांगात पाडव्याला जे संवत्सर वाचले जाते, तेच नाव तमिळ पंचांगातही त्या वर्षी असते. एवढ्या दूरच्या गावात आपल्या घरच्या पंचांगाची ओळख पटावी, याचा मला प्रथम फार अचंबा वाटला होता.

गावाची दुसरी ओळख धातूची आहे. मेणाचा साचा वितळवून पंचधातूच्या देवमूर्ती ओतण्याची कला येथील स्थपती घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर उभे राहत असताना आपले पूर्वज येथे आले, आणि कावेरीची माती साच्यासाठी उत्तम आढळल्याने येथेच राहिले, असे ही घराणी सांगतात. दिल्लीच्या ‘भारत मंडपम’समोर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी जी २७ फूट उंचीची आणि सुमारे १८ टन वजनाची नटराजमूर्ती उभारली गेली, ती याच गावच्या स्थपतींनी घडविलेली आहे. स्वामीमलैच्या या मूर्तींना भौगोलिक उपदर्शनाचे मानांकनही लाभले आहे.

नदी, देव आणि भट्टी अशी येथील तीन आकर्षणे आहेत. या तिन्हींचे वेळापत्रक मात्र वेगवेगळे आहे, आणि प्रवाशाची फसगत होते ती नेमकी येथेच.

चुकलेला मे महिना

२०२४ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्याच सांगण्यावरून आई आली. ती सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची, दहिवडीची. पाऊस कमी, जमीन खडकाळ आणि माणगंगेच्या पात्रात वर्षातील बहुतेक काळ वाळू, अशा मुलखात तिचे आयुष्य गेले. लहानपणापासून स्नानाच्या श्लोकात गंगा-यमुनेबरोबर कावेरीचे नाव घेतलेले, तेव्हा कावेरीत एकदा तरी प्रत्यक्ष बुडी मारावी, हा तिचा एकुलता एक हट्ट होता. देवदर्शन तिच्या लेखी दुसऱ्या क्रमांकावर होते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घाटावर नेले. दगडी पायऱ्या उतरून ती शेवटच्या पायरीवर उभी राहिली. समोर दूरवर वाळू पसरली होती. मध्येच कोठे एखादे हिरवट डबके, झुडपे आणि क्रिकेट खेळणारी मुले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘अगं, ही तर आपली माणगंगाच की! हे बघायला दोन दिवस गाडीत बसले व्हय मी?’’

तिच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळे मला अधिकच ओशाळवाणे वाटले.

पुढचा दिवसही तसाच गेला. दारासुरमला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मंदिराच्या प्रांगणात पादत्राणे चालत नाहीत आणि तेथील फरशी तव्यासारखी तापली होती. बाराव्या शतकातील शिल्पवैभव आम्ही एका सावलीच्या पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्याकडे धावत पाहिले. तेथून स्वामीमलैला गेलो तो साडेबारा वाजलेले. दक्षिणेतील बहुतेक मंदिरे दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती चार वाजता उघडतात, हे मला ठाऊक होते. पण मे महिन्यातले ते साडेतीन तास म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. आईला चक्कर येऊ लागली. मंदिराच्या पायथ्यावरूनच हात जोडून आम्ही परतलो.

तमिळ पंचांगात मे महिन्यातील सुमारे पंचवीस दिवसांच्या कडक उन्हाळ्याला ‘अग्निनक्षत्र’ म्हणतात. त्या दिवसांत तापमान चाळीस अंशांच्या आसपास पोहोचते आणि समुद्र फार दूर नसल्याने घामाचा त्रास वेगळाच. स्थानिक लोक या दिवसांत पहाटे आणि सूर्यास्तानंतरच घराबाहेर पडतात. ज्याला वैशाखातील विशाखा नक्षत्राचा मुरुगनाचा उत्सव पाहायचाच असेल, त्याने उन्हाची तयारी ठेवून यावे. इतरांनी मात्र शाळेची सुट्टी म्हणजे प्रवासाचा ऋतू असे समीकरण मांडू नये.

मेट्टूरचे दरवाजे

कुंभकोणमच्या शाखेत रुजू झाल्यावर मला एका गोष्टीचे नवल वाटत असे. पैसे काढायला आलेला शेतकरी, दागिने तारण ठेवायला आलेली गृहिणी, खतविक्रेता, एवढेच नव्हे तर आमचा शिपाईसुद्धा जूनच्या सुरुवातीला एकच प्रश्न विचारी : ‘मेट्टूर उघडणार का?’

मेट्टूर हे सेलम जिल्ह्यातील कावेरीवरचे धरण. ते १९३४ मध्ये पूर्ण झाले आणि त्याची पूर्ण पातळी १२० फूट आहे. त्रिभुज प्रदेशातील ‘कुरुवै’ या पहिल्या भातपिकासाठी १२ जून रोजी धरणाचे दरवाजे उघडण्याची परंपरा आहे. तेथून निघालेले पाणी करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन कल्लणै बंधाऱ्यापाशी येते आणि तेथून निरनिराळ्या शाखांत विभागले जाते. म्हणजे स्वामीमलैची कावेरी स्थानिक पावसाने वाहत नाही. ती वाहते कोडगूच्या डोंगरांत पडलेल्या पावसाने आणि मेट्टूरच्या दरवाजांनी. आपल्याकडे मृगाच्या सरी येतात तेव्हा तेथे ऊनच असते, आणि तरीही नदी भरते.

अर्थात, १२ जून हा दिवस परंपरेचा आहे, हमीचा नाही. २०१२ पासून सलग आठ वर्षे या तारखेला पाणी सोडता आले नाही. २०२० मध्ये तो योग पुन्हा जुळून आला. २०२२ मध्ये तर धरण भरल्यामुळे २४ मे रोजीच दरवाजे उघडले. कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यातील पाणीवाटपाचा प्रश्न सर्वश्रुत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तमिळनाडूसाठी सोडावयाच्या पाण्याचे प्रमाण वर्षाला १७७.२५ अब्ज घनफूट ठरविले आणि त्याच वर्षी कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण अस्तित्वात आले. वृत्तपत्रात वाचताना हे आकडे रूक्ष वाटतात. शाखेच्या काउंटरवर बसले की त्यांचा अर्थ कळतो. पाणी वेळेवर आले, तर कुरुवैच्या बियाण्यासाठी तारण ठेवलेले दागिने हंगामानंतर सुटून घरी जातात. पाणी आले नाही, तर त्या कर्जाचे नूतनीकरण करावे लागते आणि पुढच्या लग्नसराईत त्या घरातील मुलीच्या गळ्यात तो हार दिसत नाही.

२०२४ मध्ये १२ जून कोरडाच गेला. जुलै उजाडला तरी घाटावर वाळूच होती. मग महिन्याच्या उत्तरार्धात कर्नाटकातील धरणे भरून वाहू लागली, २८ जुलै रोजी मेट्टूरचे दरवाजे उघडले आणि दोनच दिवसांत धरण १२० फुटांवर पोहोचले. शाखेतील वातावरण त्या आठवड्यात एखाद्या सणासारखे होते. त्याच संध्याकाळी मी आईला दूरध्वनी केला आणि पुन्हा येण्याचा आग्रह धरला. ‘‘एकदा बघितली की तुझी कावेरी,’’ असे म्हणत का होईना, ती श्रावणात आली.

या वेळी घाटावर उतरताना खालच्या कितीतरी पायऱ्या दिसतच नव्हत्या. मातीच्या रंगाचे, भरगच्च पाणी कडेकडेने वेगात चालले होते. आई चौथ्या पायरीवर बसली, पदर खोचला आणि लोखंडी साखळीला धरून पाण्यात उतरली. तीन बुड्या मारून वर आली तेव्हा तिचे ओठ थरथरत होते. ती काही म्हणाली नाही. मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही स्वामीमलैच्या पायऱ्या चढू लागलो. गुडघ्यांमुळे ती सावकाश चढत होती आणि पाडव्याला ऐकून पाठ झालेली संवत्सरांची नावे एकेका पायरीवर म्हणत होती. चौतिसाव्या पायरीवर ती थांबली. ‘शार्वरी’, म्हणजे १९६०चे संवत्सर, तिच्या जन्माचे. तेथे क्षणभर टेकून तिने श्वास घेतला आणि म्हणाली, ‘‘माझ्या वयाच्या पायरीवर दमले बघ.’’ पुढे वर जाऊन स्वामीनाथाचे दर्शन झाले. गाभाऱ्यासमोर मोराऐवजी हत्ती हे वाहन पाहून तिला गंमत वाटली.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा तमिळ महिना म्हणजे ‘आडी’. या महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे २ किंवा ३ ऑगस्टच्या सुमारास, ‘आडीपेरुक्कु’ साजरा होतो. स्त्रिया नदीच्या काठी येऊन वाढत्या पाण्याची पूजा करतात आणि नानाविध प्रकारचे भात शिजवून सहकुटुंब घाटावर जेवतात. याच महिन्यातील कृत्तिका नक्षत्राला मुरुगनाच्या मंदिरात मोठी गर्दी लोटते. नदीसाठी यायचे असेल, तर ऑगस्ट आणि सप्टेंबर हे महिने निवडावेत. ऊन असते, परंतु वारा असतो. अधूनमधून संध्याकाळी एखादी सर येते. आणि लावणी झालेली भातखाचरे दूरवर हिरवी दिसतात. फक्त निघण्यापूर्वी मेट्टूर उघडले की नाही, एवढे विचारून घ्यावे.

परतीचा नव्हे, मुख्य पाऊस

आपल्या मराठी मनाला ऑक्टोबर म्हणजे पाऊस संपल्याचा महिना. येथे मात्र तो सुरू होण्याचा महिना आहे. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो आणि डिसेंबरपर्यंत राहतो. वर्षभराच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस याच काळात पडतो. बंगालच्या उपसागरातील वादळेही याच दिवसांत येतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या ‘गज’ चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील नारळाच्या बागा आडव्या केल्या, ती आठवण तेथील लोक अजून काढतात.

या ऋतूने मला बँकिंगचा एक धडा दिला. स्वामीमलैतील एका लहान कारखान्याचे रोख कर्ज खाते आमच्याकडे होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्या खात्यात एकही जमा झाली नाही. डिसेंबरचा पहिला आठवडाही तसाच गेला. नव्वद दिवसांची मर्यादा आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी नियमानुसार पत्र लिहिले आणि समक्ष पाहणीसाठी गेले.

वृद्ध स्थपतींनी मला आतल्या पडवीत नेले. तेथे मातीने लिंपलेले आठ-दहा साचे ओळीने ठेवलेले होते. त्यांनी एकावर माझा हात ठेवला. तो ओलसर आणि गार लागला. मग त्यांनी मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये सारी प्रक्रिया समजावून सांगितली.

प्रथम मधमाश्यांचे मेण, राळ आणि तेल यांच्या मिश्रणातून मूर्ती घडवितात. तिची मापे शिल्पशास्त्रातील तालमानानुसार, नारळाच्या झावळीच्या पातीला घड्या घालून घेतात. मग त्या मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाच्या मातीचा पहिला थर देतात. ही माती इतकी मऊ असते की मेणावरील नखाएवढी रेघही तिच्यात उमटते. त्यावर जाडसर मातीचे आणखी थर चढतात, तारांनी बांधणी होते आणि साचा सावलीत वाळू देतात. उन्हात वाळविला तर तो तडकतो. आणि ओला असताना तापविला तर आतल्या वाफेने फुटतो. पुरता वाळल्यावर शेण्यांच्या आचेवर साचा तापवितात, मेण वितळून बाहेर येते आणि रिकाम्या झालेल्या पोकळीत धातूचा रस ओततात. हा रस मुख्यतः तांब्याचा. त्यात पितळ व शिसे आणि ग्राहकाच्या इच्छेनुसार चांदी-सोन्याचा अंश मिसळतात. शेवटी साचा फोडावा लागतो, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकमेवाद्वितीय. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात हीच पद्धत वर्णिली आहे. ज्या ग्रंथात आपल्या मराठीचे अगदी जुने नमुने आढळतात, त्याच ग्रंथात या भट्टीची कृतीही असावी, हा योग मला विलक्षण वाटतो.

‘‘मॅडम, माती उन्हाळ्यात काढायची, नदी कोरडी असताना. मूर्ती घडवायची पाणी असताना. पण या दोन महिन्यांत साचा वाळत नाही. ‘तै’ महिन्यात तीन मंदिरांत प्रतिष्ठापना आहेत. ऊन पडू द्या,’’ असे ते म्हणाले.

नोव्हेंबरच्या अखेरीस ‘फेंगल’ वादळाने आणि पुन्हा डिसेंबरच्या मध्यास पावसाने जिल्हा भिजवून काढला होता. आकाश निवळल्यावर साचे वाळले, धातू ओतला गेला आणि मर्यादेचे नव्वद दिवस भरण्यापूर्वी खात्यात रक्कम जमा झाली. परंतु तोवर माझी काही रात्रींची झोप गेली होती, आणि त्यांची माझ्याहून अधिक. पुढील नूतनीकरणाच्या वेळी मी टिपणीत आवर्जून नमूद केले की या व्यवसायाची रोकड नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अडकते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटते. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात ‘खेळत्या भांडवलाचे चक्र’ मी पाठ केले होते. ते चक्र ओल्या मातीच्या गतीने फिरू शकते, हे मला त्या पडवीत कळले.

प्रवाशाने मग या ऋतूत यावे काय? उत्सवांची आवड असेल तर जरूर यावे. ऐप्पसी महिन्यातील स्कंदषष्ठी हा मुरुगनाचा प्रमुख उत्सव याच काळात येतो, पाठोपाठ कार्तिक दीपांचा सण असतो. घरोघरच्या उंबऱ्यावर ओळीने पणत्या तेवतात. मात्र परतीच्या आरक्षणात एक-दोन दिवसांची सवड ठेवावी, आणि मूर्ती ओतण्याचे काम पाहायला मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

सर्वांसाठी : तै आणि माशी

ज्याला नदी, देव आणि भट्टी ही तिन्ही थोडी थोडी पाहायची आहेत, आणि सोबत वृद्ध माणसे किंवा लहान मुले आहेत, त्याने डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत यावे. मार्गळी महिन्यात पहाटे धुके असते, देवळांतून भक्तिगीतांचे सूर येतात आणि दारोदारी मोठमोठे ‘कोलम’ रेखलेले असतात. आपल्या रांगोळीची ही थोरली बहीण. जानेवारीच्या मध्याला तै महिना लागतो आणि पोंगल येतो. सांबा भाताची कापणी जवळ आलेली किंवा सुरू झालेली असते. आपल्या संक्रांतीच्या गोडव्यातच येथे दूध उतू जाऊ देऊन नव्या तांदळाचा गूळभात शिजतो. त्यानंतरच्या तैपूसमच्या दिवशी खांद्यावर कावडी घेतलेले भक्त स्वामीमलैच्या वाटेने चालू लागतात. पाऊस ओसरलेला असल्याने कारखान्यांतील भट्ट्याही धगधगत असतात. नदीत पाणी असते. पण साधारणपणे जानेवारीअखेरीस मेट्टूरचे पाणी थांबते आणि मग पात्र हळूहळू उघडे पडू लागते, हे ध्यानात ठेवावे.

संगीतप्रेमी वाचकांसाठी आणखी एक सूचना. पौष वद्य पंचमीला तंजावरजवळील तिरुवैयारू येथे कावेरीच्या काठी संत त्यागराजांची आराधना होते. त्यागराज १८४७ मध्ये समाधिस्थ झाले, तेव्हा तंजावरला मराठ्यांचेच राज्य होते.

मार्च-एप्रिलमधील पंगुनी उत्तिरम हा उत्सव सुंदर असतो. पण तोवर ऊन चढू लागते. ज्यांना शतकात आठ-नऊ वेळाच घडणारा सोहळा अनुभवायचा आहे, त्यांनी २०२८ ची नोंद करून ठेवावी. कुंभकोणमचा महामहम हा बारा वर्षांतून एकदा येणारा स्नानपर्वकाळ यापूर्वी २०१६ मध्ये झाला होता. मात्र १९९२ च्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन अनेक यात्रेकरू दगावले होते, हे विसरू नये; वृद्धांनी पर्वदिवस टाळून अलीकडे-पलीकडे यावे हे उत्तम.

मराठी पाऊलखुणा

मराठी प्रवाशाला हा प्रदेश परका वाटू नये, अशा कितीतरी खुणा येथे आहेत. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला स्थापिलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, या दोन गोष्टी प्रत्येकाने पाहाव्यात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव हे कुंभकोणमचेच, १८२८ मध्ये येथील मराठी भाषक कुटुंबात जन्मलेले. आजही या भागात तंजावरी मराठी बोलणारी घरे आहेत. आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ ग्राहक माझे आडनाव वाचून काउंटरपाशी थांबले आणि ‘तुम्ही मराठीच की’ अशा अर्थाचे काहीसे वेगळ्याच हेलात म्हणाले, तेव्हा दोन क्षण मला उत्तर सुचले नव्हते. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम येथे २०११ मध्ये प्रतिष्ठापना झालेले विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर असून, तेथे तमिळ गळ्यांतून मराठी अभंग ऐकायला मिळतात.

अंकांशी नाते सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी कुंभकोणममधील श्रीनिवास रामानुजन यांचे घर चुकवू नये. स्वामीमलैलगतच्या तिरुवलंचुळी येथील श्वेतविनायकाचे दर्शनही आपल्या गणेशभक्तांनी अवश्य घ्यावे. समुद्रफेनापासून घडल्याची श्रद्धा असल्यामुळे त्या मूर्तीला जलाभिषेक करीत नाहीत.

थोडक्यात

चेन्नईहून तंजावरकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरील गाड्या कुंभकोणमला थांबतात. जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा. मुक्काम कुंभकोणमला करून स्वामीमलै, तिरुवलंचुळी आणि दारासुरम एका दिवसात सहज होते. सकाळी साडेसहा ते अकरा आणि दुपारी चार ते आठ, असे दिवसाचे दोन भाग पाडावेत. मधला वेळ जेवणाला आणि विश्रांतीला द्यावा. नदीसाठी ऑगस्ट-सप्टेंबर, उत्सवासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर, मूर्तिकलेसाठी आणि सुखद हवेसाठी जानेवारी-फेब्रुवारी, असा हिशेब धरावा. रजा प्रवास सवलतीचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्याला नेमके काय पाहायचे आहे, हे स्वतःला विचारावे. म्हणजे महिना आपोआप ठरतो.

श्रावणातल्या त्या फेरीत आईने कावेरीचे पाणी एका लहान बाटलीत भरून नेले होते. ते देव्हाऱ्यात ठेवले असेल, असे मी गृहीत धरले होते. दिवाळीला घरी गेले तेव्हा सहज विचारले. ती म्हणाली, ‘‘देवाला कशाला? त्याला काय कमी आहे! माणगंगेत ओतलं. तिलाही कळू दे, भरल्यावर कसं वाहतात ते.’’